सुशासनावर नाटक बसवताय? आधी गावची इतिवृत्त वही वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ जणांचा गट आहे, तालुक्यातली पंधरा गावं घ्यायची आहेत, एका संस्थेने 'लोकशाही आणि सुशासन' हा विषय दिला आहे आणि हातात दोन महिने आहेत. नाटकाने खरंच काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर ते बसवायचं कसं? सोबत तुम्ही वीस पानांची संहिताही दिली आहे.

संहितेपासूनच सुरू करतो. भ्रष्टाचार नावाचा राक्षस काळा झगा घालून येतो, भारतमाता साखळदंडात उभी, शेतकरी कपाळाला हात लावून बसलेला. मग एक शिकलेला तरुण येऊन संविधानाची प्रत उंचावतो आणि सगळे एका ओळीत उभे राहून 'जागे व्हा' म्हणतात. वाचून हसू आलं, पण ते तुम्हाला नाही, स्वतःला. हेच नाटक मी अकरा वर्षं केलं. आवाज मोठा म्हणून राक्षसाचं काम कायम माझ्याकडे.

तेव्हा उत्तर असं की फरक पडतो, पण या संहितेने पडणार नाही. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

१९९०च्या सुमारास साक्षरतेचे कलाजथे, म्हणजे गाणी-नाटकं करत गावोगाव फिरणारे गट निघाले, त्यात मी शिरलो. डफ, ढोलकी, भाड्याची जीप, दिवसाला तीन गावं. त्या जथ्यांत ऊब होती. लोक कंदील घेऊन यायचे, भाकरी बांधून द्यायचे. पुढे २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, २००७ला तंटामुक्ती आली, आणि आमचं पथक मान्यताप्राप्त झालं. मान्यताप्राप्त म्हणजे मानधन दाखल्यावर मिळायचं: सरपंचाची नाहीतर ग्रामसेवकाची सही, गोल शिक्का आणि तीन फोटो. त्यातल्या एका फोटोत बॅनर आणि प्रेक्षक दोन्ही दिसलेच पाहिजेत. एका गावात धो धो पाऊस लागला. सोबतच्या कर्मचाऱ्याने आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात बॅनर धरून उभं केलं, समोर पंचवीसेक पोरं बसवली, फोटो काढले, शिक्का घेतला आणि जीप पुढच्या गावाला. विषय होता 'पारदर्शक कारभार'. ते मानधन आम्ही घेतलं.

मला शहाणं केलं ते एका रेशन दुकानदाराने. काळ्या बाजारावरचं नाटक होतं. राक्षसाच्या जागी दुकानदार: पोटाला उशी, काजळाच्या मिशा, गळ्यात पिवळी माळ. पुढच्या खुर्चीत गावचा खरा दुकानदार बसलेला. माल कुठे जातो हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसत होता. मध्येच त्याने तमाशात पुकारतात तसं बक्षीस पुकारलं, माझ्या कामाला एकावन्न रुपये. टाळ्या पडल्या. मी सवयीने मुजरा केला. परतताना ढोलकीवाला म्हणाला, "ज्याच्यावर नाटक, त्यानंच बक्षीस दिलं. म्हंजे एक तर तो लई मोठ्या मनाचा, न्हाईतर आपलं नाटक लई हलकं."

तो हसला, कारण मी जो रंगवला तो तो नव्हताच. खरा माणूस शिडशिडीत होता, सप्ताहाला सगळ्यांत आधी वर्गणी द्यायचा, आषाढात उधारी द्यायचा. त्याला शिव्या घालणाऱ्या बायाच त्याच्या वहीत मांडलेल्या होत्या. वरून कोटाच कमी येतो, गाडीभाडं खिशातून जातं, वर आणखी कुणाकुणाला द्यावं लागतं, हे त्याचं म्हणणं. ते सगळं खोटं नव्हतं, सगळं खरंही नव्हतं. हा गुंता नाटकात नसेल तर कारभारावरचं नाटक होत नाही, नुसतं सोंग होतं.

तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' पुण्यात १६ डिसेंबर १९७२ला उभं राहिलं, १९ प्रयोगांनंतर थांबवलं गेलं, आणि थिएटर अॅकॅडमी स्थापून त्याच मंडळींनी १९७४ला पुन्हा सुरू केलं. वाद झाला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. तो वाद इथे उकरत नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांनी त्यातून उचलायचं ते यंत्र: घाशीराम घडवला जातो, वापरला जातो, डोईजड झाल्यावर लोकांच्या हवाली केला जातो, लोकांचा राग शांत होतो आणि नाना जिथल्या तिथे. आमचा मिशांचा दुकानदार हा घाशीरामच होता. त्याला चौकात बडवून आम्ही घरी जायचो, आणि ज्याने त्याला कोतवाली दिली तो आमच्या संहितेत कुठे नसायचाच. कित्येकदा तो उद्घाटनाला नारळ फोडायला असायचा.

तेच रेशनचं नाटक आम्ही पुन्हा बसवलं. या वेळी दुकानदाराला मिशा नाहीत, आवाज चढवणं नाही. एक बाई कार्ड घेऊन येते. कार्डावर चार लिटर रॉकेल मांडलेलं, कॅनमध्ये दोन. ती कॅनकडे बघते, दुकानदाराकडे बघते. तो म्हणतो, "वैनी, पुढच्या महिन्यात बघू." मागे रांग. घरी पोर तापलेलं. इथे नाटक थांबतं आणि मावशी पब्लिककडे वळते: "आता हिनं काय करावं?"

मावशी आम्ही तमाशातल्या गवळणीतून उचलली. गवळणीचा प्रसंग आठवा: दूध-दही घेऊन बाया मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, वाटेत त्यांना अडवून दाण मागितलं जातं. अडवणूक आणि वसुली! एवढा तयार प्रसंग परंपरेने हातात दिला असताना आम्ही इतकी वर्षं राक्षस शिवत बसलो होतो. मावशी त्या प्रसंगात असते आणि बाहेरही असते. कृष्णाशी भांडते, पेंद्याला टोमणे मारते, मध्येच समोरच्या म्हाताऱ्याची चौकशी करते. प्रेक्षकांना बोलतं करायला याहून चांगलं पात्र शोधून सापडणार नाही. सुरुवातीला आमचाच एक जण लुगडं नेसून मावशी व्हायचा. नंतर ते काम एका अंगणवाडी सेविकेने घेतलं आणि समोरच्या बाया दुप्पट बोलायला लागल्या. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला चार वर्षं लागली.

तर, "हिनं काय करावं?" पहिल्यांदा कोण बोलतं? मास्तर. कायम. "तहसीलदारांकडे लेखी तक्रार करावी." मावशी म्हणते, "या की, करून दाखवा." मास्तर रिंगणात येतात, बाईच्या जागी उभे राहतात, आमचा एक जण कारकून होतो: साहेब मीटिंगला गेलेत, अर्ज दोन प्रतींत आणा, कार्डाची झेरॉक्स कुठाय, तलाठ्याचा दाखला लागेल. तीन मिनिटांत मास्तरांना घाम. लोक हसतात, पण हे हसू वेगळं असतं; त्यात प्रत्येकाचा एकेक हेलपाटा असतो. मग कुणी म्हणतं पावती मागावी. त्या गावात एक म्हातारी बसल्या जागेवरून बोलली, "पावती घिऊन काय करू, मला वाचाय येत न्हाई. गाडी कवा आली ते तरी सांगा. आमाला कळतंय तवर माल सपल्याला असतोय."

हे आमच्या संहितेत नव्हतं. आमच्याकडे पावती होती, ग्राहकाचे हक्क होते, घोषणा होत्या. तिच्याकडे खरी अडचण होती: माल आल्याची खबरच ठरावीक घरांना मिळते. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला की गाडी आली की त्याच दिवशी दवंडी आणि किती पोती उतरली तो आकडा देवळाच्या भोंग्यावरून. दुकानदारानेही मान डोलावली, कारण गाडी न येताच त्याच्या नावाने होणारी ओरड त्यामुळे थांबणार होती. धान्याची बोंब कमी झाली. रॉकेल मात्र पुढेही दोनच लिटर मिळत राहिलं.

असं नाटक आम्ही काही पहिल्यांदा शोधलं नव्हतं, हे नंतर समजलं. ब्राझीलचे आउगुस्तो बोआल यांनी ही पद्धत आयुष्यभर घडवली: प्रेक्षकाने नुसतं बघायचं नाही, उठून पात्राच्या जागी यायचं आणि दुसरी वाट करून बघायची. बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संजय गांगुलींची मंडळी १९८५ पासून सुंदरबनच्या बाजूने हेच करत आली आहेत. बोआल तर १९९३ ते १९९६ रिओ द जानेरोचे नगरसेवक होते. त्यांनी कार्यालयातल्या मदतनिसांच्या जागी नाटकवालेच घेतले, वस्त्यावस्त्यांत प्रयोग केले, लोकांनी रिंगणात सुचवलेल्या गोष्टी टिपून घेतल्या, वकिलांकडून त्यांचे मसुदे करून सभागृहात मांडले. त्यातून १३ कायदे झाले. त्यांतला एक, रुग्णालयांत म्हाताऱ्यांच्या आजारांचे जाणकार डॉक्टर असावेत, असा होता. रिंगणातलं बोलणं, ते टिपून घेणारं कुणीतरी, आणि ते मांडायची हक्काची जागा या तीन गोष्टी जुळल्या म्हणून हे झालं. आपल्याकडे ती जागा म्हणजे ग्रामसभा. तुमच्या संहितेत ग्रामसभा हा शब्द एकदाही नाही, हे खटकलं.

बोआल यांनीच सांगितलेला आणखी एक प्रसंग मला फार लागला. ईशान्य ब्राझीलच्या शेतमजुरांपुढे त्यांच्या मंडळींनी नाटक केलं, शेवटी बंदुका उंचावून 'जमिनीसाठी रक्त सांडू' अशी गर्जना. प्रयोग संपल्यावर विर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून म्हणाला, चला, बंदुका घ्या, जमीनदाराच्या माणसांना हुसकून लावू. नटांनी ओशाळून सांगितलं, बंदुका लाकडी आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही फक्त या. कुणी गेलं नाही. आपण स्वतः जो धोका पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगायचा नाही, असं बोआल यांनी तेव्हापासून ठरवलं.

आमचा विर्जिलिओ एका सोयाबीनच्या पट्ट्यातल्या गावात भेटला. रोजगार हमीच्या मजुरीवरचा प्रयोग होता. विशीतला एक पोरगा रिंगणात आला आणि मुकादमाच्या तोंडावर मस्टरचं, म्हणजे हजेरीपटाचं पान मागितलं. इतकं सुंदर काम की आमच्या नटाला उत्तर सुचेना. टाळ्या, शिट्ट्या. आम्ही त्याच्यासोबत फोटो काढले आणि सकाळी निघून आलो. खरा मुकादम कडेला उभा राहून बघत होता. त्या सुगीत त्या पोराला कुणी कामाला बोलावलं नाही, त्याच्या आईलाही नाही. दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गेला. आमच्या वार्षिक अहवालात त्याचा फोटो होता, खाली 'सजग नागरिक'.

तेव्हापासून काही गोष्टी आम्ही पाळतो. ज्या गावात स्थानिक गट, बचत गट, मजुरांची संघटना, काहीतरी मागे उभं राहणारं नाही, तिथे माणसाला त्याच्या स्वतःच्या मालकासमोर बोलतं करायचं नाही. गोष्ट दुसऱ्या गावची करायची. एकट्याला रिंगणात ठेवायचं नाही, चौघींना एकदम उठवायचं. आणि प्रयोगानंतर आठ दिवसांनी कुणीतरी त्या गावात जायचंच, कॅमेरा न घेता. दोन महिन्यांत पंधरा गावं म्हणता, त्याची पाच करा. संस्था कुरकुर करेल. पण पंधरा गावांत एकेक प्रयोग म्हणजे पंधरा दाखले, यापलीकडे काही नाही.

आता तुम्ही विचाराल, नाटकामुळे खरोखर कारभार बदलल्याचं उदाहरण आहे का? राजस्थानकडे बघा. मजदूर किसान शक्ती संगठन १९९० साली उभं राहिलं, त्याआधी अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह देवडुंगरी या गावात येऊन राहिले होते. यांतले शंकर सिंह मूळचे बाहुल्यांचा खेळ करणारे, गाणी रचणारे, नकला करणारे. त्यांची सभा म्हणजे अर्धं नाटक. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी झाली. तिथे काय केलं? पंचायतीच्या कामाची बिलं आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. फलाणा, इतके दिवस कामावर, इतकी मजुरी. आणि समोरून आवाज: मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. कामंही निघाली, कागदावर पूर्ण आणि जमिनीवर नसलेली. मांडव, ध्वनिक्षेपक, वाचणारा, साक्ष देणारा, समोर गाव. रंगभूमीचं सगळं साहित्य हजर, फक्त संहिता सरकारी दप्तरातून आलेली. १९९६ला ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं तेव्हा रस्त्यावरच गाणी आणि बाहुल्यांचे खेळ चालत. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्याच काळातली. २००५च्या माहिती अधिकार कायद्याला या सगळ्याने बळ दिलं. नाटकाने कायदा आणला असं मी म्हणणार नाही. पण हिशोब मोठ्याने वाचला की काय होतं, हे त्या माणसांनी रंगमंचासारखं मांडून दाखवलं. मराठीत मकरंद साठे यांनी याच लढ्यावर 'दलपतसिंग येती गावा' लिहिलं आणि अतुल पेठे यांनी ते जालना भागातली साधी माणसं घेऊन बसवलं. शेतात राबणारी माणसं मंचावर हिशोब मागताना दिसणं, हा त्या नाटकाचा अर्धा अर्थ होता. पेठे यांनीच पुढे २०१२ला गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. तुमच्या नऊ जणांत मजुरी करणारं कुणी आहे का, विचार करा.

म्हणून म्हणतो, संहिता लिहायच्या आधी दप्तर वाचा. ग्रामपंचायतीला कुठला निधी आला, कशावर गेला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येतं. रोजगार हमीचे मस्टर ऑनलाइन असतात. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि सगळ्यात मौल्यवान पुस्तक म्हणजे ग्रामसभेची इतिवृत्त वही. ती नाटकासारखीच लिहिलेली असते: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पाच वर्षांच्या नोंदी सलग वाचा. सूचक-अनुमोदकाची तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा भेटतील. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही. बऱ्याच गावांचा कारभार या तहकूब सभेवर चालतो. आमचा एक प्रयोग एवढ्यावरच होता: शिपाई घंटा वाजवतो, कुणी येत नाही, अर्ध्या तासाने तेच सहा जण त्याच सतरंजीवर बसतात आणि सगळ्या गावाच्या वतीने 'सर्वानुमते' म्हणतात. पंचवीस मिनिटं. त्यात राक्षस नव्हता, पण मधल्या ओळीतली माणसं खाली बघायला लागली होती. सरपंचबाईंच्या खुर्चीत बसणाऱ्या नवऱ्यावरही असाच एक होता, पण त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

भाषेचं बघा. 'सुशासन' हा शब्द गावात कुणी उच्चारत नाही. लोक म्हणतात साहेब जागेवर असत्यात का, काम एका फेरीत होतंय का, कुणाच्या वळखीनं जावं लागंल. तुमच्या पात्रांच्या तोंडी 'उत्तरदायित्व' आलं की समोरचा माणूस तंबाखू मळायला घेतो. कचेरीची भाषा वापरायची तर एकनाथांसारखी वापरा. त्यांची 'अर्जदस्त', म्हणजे सरकारी अर्जाच्या थाटातलं भारूड, वाचली आहे का? सोळाव्या शतकातला पत्रव्यवहाराचा फारसी थाट, आणि मुलूख कुठला तर परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी. तिथले जमेदार दंभाजी शेटे, कामाजी महाजन, क्रोधाजी नाईकवाडी. अर्थ अध्यात्माचा, पण परगण्याचा कारभार कसा नासतो हे ऐकणाऱ्याला पुरतं माहीत असल्याशिवाय त्यातली गंमत लागत नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. दप्तराची भाषा त्यांच्या कानावरून गेलेली होती. मी 'अर्जदस्त' आजच्या ऑनलाइन अर्जाच्या चालीवर एकदा केली: सर्व्हर डाऊन आहे, अंगठा जुळत नाही. लोकांना एक शब्द समजावून सांगावा लागला नाही.

आणि जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न', १८५५. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं होतं, तिने ते स्वीकारलं नाही. एका गरोदर कुणबीण बाईला नि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहांची भीती घालून कसं लुबाडतो, एवढीच गोष्ट. पण त्यात विदूषक आहे, जो सतत मध्ये पडून जोशीबुवांच्या बोलण्याचा खरा हिशोब प्रेक्षकांना सांगतो. आणि शेवटी ती दोघं प्रौढांच्या शाळेत जायचं ठरवतात, जी शाळा तेव्हा पुण्यात खरोखर चालू होती. नाटक संपलं की जायला खरा पत्ता आहे! तुमच्या नाटकाच्या शेवटी असा पत्ता कोणता, ते लिहून काढा. 'जागे व्हा' हा पत्ता नाही. 'येत्या महिला ग्रामसभेला या, तारीख अमुक, आपण पाण्याचा विषय मांडणार आहोत' हा आहे.

परवानगीबद्दल तुम्ही विचारलंय. ज्याला नाटकाची भीती वाटते त्याला नाटक बरोबर कळलेलं असतं. प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या घरच्या जनानखान्यात नेणाऱ्या वकिलावर कलकत्त्यात १८७६ला 'गजदानंद ओ युवराज' हे प्रहसन झालं. व्हाइसरॉयने तातडीने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतरही तो पुस्तकात पडून होता, केंद्राने रद्द केला तो २०१८ उजाडल्यावर. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७चं. महाभारतातलाच प्रसंग, इंग्रजांचं नाव नाही, तरी पिटातल्या माणसाला कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन हे सांगावं लागत नव्हतं. १९१०ला बंदी. सरकारने नाटकाचं केलेलं वाचन अगदी अचूक होतं. पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं १९४४चं लाल बावटा कलापथक याच वाटेने गेलं.

आजचं व्यवहारातलं: आपल्या राज्यात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घेण्याची पद्धत अजून आहे, तिच्या विरोधात अमोल पालेकर २०१६ला उच्च न्यायालयात गेले. तुम्ही ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या, आणि जागेसाठी ग्रामपंचायतीचं पत्र. सरपंच म्हणतील संहिता दाखवा. दाखवा. लपवाछपवी केलीत तर पहिल्या पाच मिनिटांत वीज जाते, हा माझा अनुभव आहे. नाहीतरी आमच्या प्रयोगाचा अर्धा भाग कागदावर नसतोच. एका सरपंचांनी संहिता वाचून विचारलं होतं, "पण शेवट कुठाय?" आम्ही म्हणालो, शेवट तुमचं गाव करणार. ते बराच वेळ शिक्का हातात धरून बसले. मग मारला. खऱ्या माणसाचं नाव, आडनाव, चालण्याची लकब, काहीही घेऊ नका. आकडे घ्या, तेही हातात कागद असलेलेच.

जागा निवडताना चावडी आणि मंदिराचा पार टाळा. पारावर कोण चढतं आणि कोण खाली उभं राहतं हे गावाने पिढ्यान्पिढ्या ठरवलेलं असतं, तुमच्या एका संध्याकाळीने ते मोडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान त्यातल्या त्यात सगळ्यांचं. मंच नको, चुन्याने रिंगण आखा. खुर्च्या ठेवू नका; खुर्ची दिसली की तिच्यावर बसायचा हक्क असलेला माणूस येतो. वेळ जेवणानंतरची, पण बायांना विचारून. नळाला पाणी रात्री येत असेल तर त्या येणार नाहीत. एक प्रयोग दुपारी वस्तीवर फक्त बायांसाठी करा. कायद्याने महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी व्हायची असते, तिच्या चार-पाच दिवस आधीचा दिवस धरा. नाटक अर्ध्या तासाचं, बोलणं तासाभराचं. आणि रिंगणात जे सुचवलं जाईल ते तुमच्यातल्या एकाने तिथेच लिहून, वाचून दाखवून, दुसऱ्या दिवशी विषय म्हणून ग्रामपंचायतीत द्यायचं, पोच घेऊन. हे काम नटाचंच आहे, त्यासाठी वेगळा माणूस ठेवू नका.

शेवटचा प्रश्न तुमचा, परिणाम मोजायचा कसा? संस्था टाळ्या नि फोटो मागेल, द्या. तुमच्यापुरतं मात्र तीन महिन्यांनी त्या गावात जा आणि पुन्हा तीच इतिवृत्त वही मागा. रिंगणातला विषय वहीत आला का, सूचक म्हणून नवं नाव दिसतं का, एवढंच बघा. गेल्या वर्षी एका गावात आम्ही अशी वही उघडली. महिला सभेला आधी कधी सहाच्या वर सह्या नसायच्या, या वेळी सतरा होत्या. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग आमच्या मावशीने चष्मा लावला, पान उजेडाला धरलं आणि म्हणाली, यातल्या पाच सह्या एकाच हाताच्या आहेत. त्या पाच बायांना आम्ही भेटलो. तिघींना सभा झाल्याचंच माहीत नव्हतं, चौथी म्हणाली मी होते पण सही कुणी मागितली नाही, पाचवी काही बोलली नाही. त्यावरचं नाटक सध्या तालमीत आहे. बघायला यायचं असेल तर कळवा.